मदत हवी आहे: जपानमध्ये सिलिॲक मुलासाठी खाऊ आणि तांदळाची भाकरी

टोकियोत निशिकासाईला राहतो. मुलगा सात वर्षांचा, सिलिॲक, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन त्याला चालत नाही. गहू आणि जव दोन्ही बंद. सेन्बे (इथली कुरकुरीत बिस्किटं) तांदळाचे असतात, मग ते बिनधास्त द्यायचे का? शिवाय इथल्या पिठीची भाकरी हाताला चिकटते आणि कडेने फाटते. जोशिन्को, शिरातामाको, कोमेको या तांदळाच्या पिठ्यांतली कुठली घ्यावी?

सुंठसाखर:
बिनधास्त नको. सेन्बे तांदळाचे असले तरी बहुतेकांवर शोयूचा (जपानी सोया सॉसचा) हात फिरवलेला असतो, आणि शोयूत सहसा गहू असतो. काकी नो ताने (तांदळाचा तिखट खाऊ), मिताराशी दांगो (गोड रस लावलेले तांदळाचे गोळे) यांचंही तेच. 'शिओ' म्हणजे नुसत्या मिठाचे बघा, तेही पाकीट वाचून. घटकांच्या शेवटी 'इचिबु नि... फुकुमु' ('काही भागात... आहे') या ओळीत कोमुगी, म्हणजे गहू, दिसलं की परत ठेवा.

खरी मेख पुढे आहे. कायद्याने सक्तीने जाहीर करायच्या ॲलर्जी-घटकांत गहू आहे, जव नाही. त्यामुळे त्या ओळीत कोमुगी नसलं तरी वरची पूर्ण यादी वाचायची: ओओमुगी म्हणजे जव, बाकुगा म्हणजे माल्ट. मुगीचा हा तर जवाचाच चहा, आणि उन्हाळ्यात तो मुलांना सर्रास देतात. शाळेला लेखी कळवा, बाटलीत घरचं पाणी द्या.

याकीइमो (भाजलेलं रताळं), होशीइमो (वाळवलेलं रताळं), साध्या भाजलेल्या अमागुरी (चेस्टनट) चालतील. टोकियोकडचा कुझुमोची (जेलीसारखा गोड पदार्थ) मात्र टाळा, तो गव्हाच्या स्टार्चचा असतो.

पिठीभाकरी:
भाकरीला जोशिन्को, ती साध्या तांदळाची. शिरातामाको चिकट तांदळाची, तिची भाकरी थापलीच जात नाही. कोमेको घेतलीत तर 'नोनगुरुतेन' लिहिलेली घ्या (ग्लुटेन १ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, किंवा कमी). पावासाठीच्या काही मिश्रणांत चक्क गव्हाचं ग्लुटेन घातलेलं असतं.

२०० ग्रॅम जोशिन्को, १८० मिली पाणी, चिमूटभर मीठ. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद करून पिठी घाला, उलथन्याने ढवळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. मग पाण्याच्या हाताने गुळगुळीत होईपर्यंत मळा. कडा फाटतात त्या उकड नीट न झाल्यामुळे, म्हणजे पाणी पुरेसं तापलेलं नसतं. चिकटते ती आपल्याकडच्या मापाने वाटीला वाटी पाणी घातल्यामुळे. इथला तांदूळ मुळातच चिकट, त्याला पाणी कमी लागतं. कमी पडलं तर चमच्याने वाढवा.

आणि हिंगाची डबी तपासा! बांधानी (पीठ मिसळलेल्या) हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा.

धागाकर्ती:
हिंग लक्षातच आला नव्हता. आमच्याकडे इंडक्शन आहे, ज्वाळ नाही. भाकरी फुगणार कशी?

पिठीभाकरी:
तवा चांगला तापवा. भाकरी टाकली की वर पाणी फिरवा, ते सुकायच्या आत उलटा. दुसरी बाजू पूर्ण भाजली की परत उलटून फडक्याने कडेकडेने दाबा. शेगडीखाली मासे भाजायचा ग्रिल असेल तर त्यात मिनिटभर ठेवली तरी फुगते, फक्त जाळी आधी घासून घ्या. शोयू लावलेला मासा तिथेच भाजला जातो.