मदत हवी आहे: अर्धशिशीवर अजगर चालेल का? (खरंच विचारतेय)

आधीच सांगून टाकते, डॉक्टर झालेत, डोळे तपासून झालेत, मायग्रेनच आहे हे पक्कं आहे, त्यामुळे "एकदा दाखवून घ्या" लिहू नका प्लीज. अडचण वेगळीच आहे. डॉक्टरांनी गोळ्यांवर लगाम घातलाय. साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (खास मायग्रेनची गोळी) असेल तर १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं म्हणे. म्हणजे ज्याच्यावर भरवसा तोच उलटला. तर आता गोळीशिवायचं काहीतरी शोधतेय.

आणि इथे भाचेबुवांचा प्रवेश. त्याने बॉल पायथन, म्हणजे छोट्या जातीचा अजगर, पाळलाय. मी कपाळावर बर्फाची पिशवी धरून पडले होते तर म्हणतो, "मावशी, ती पिशवी सारखी घसरतेय बघ, त्यापेक्षा ह्याला घे ना, थंडगार असतो आणि स्वतःच धरून बसतो!" एरवी हाकलून दिलं असतं त्याला, पण डोकं ठणकत असलं की माणूस कशाचाही विचार करायला लागतो, आणि मी अंधारात पडल्या पडल्या एकेक उमेदवार तपासायला घेतला.

अजगर: वजन बरं, पकड उत्तम, पण पकड किती घट्ट करायची हे त्याच्या मर्जीवर. पाल: भिंतीला चिकटते तशी कपाळालाही चिकटेल, पट्टी बांधायला नको, पायाच्या बोटांवरच्या लाखो सूक्ष्म केसांमुळे चिकटते ती, डिंक वगैरे काही नाही, म्हणजे नंतर धुवायलाही नको. फक्त मी किंचाळणार, आणि मायग्रेनमध्ये आवाज अजिबात नको असतो, माझा स्वतःचा पण नाही. कासव: शांत, समंजस, पण कपाळावर दगड ठेवण्यात आणि ह्यात फरक काय? सरडा: त्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणजे निदान हरवणार तरी नाही.

तर प्रश्न असे की (१) सरपटणारे प्राणी खरंच थंड असतात का, (२) असं कुणी केलंय का कधी, आणि (३) नसेल जमत तर न घसरणारं थंड काय वापरता तुम्ही लोक?

शीतरक्त: मी पाळतो म्हणून सांगतो, भाच्याचं ऐकू नका. हे प्राणी थंड नसतात, आजूबाजूला जेवढं तापमान तेवढे असतात. बॉल पायथनच्या पेटीची एक बाजू आम्ही ३१-३२ अंशांवर ठेवतो, तिथून उचलून आणलात तर कपाळाला काय डोंबलाचा गारवा लागणार. बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) तर दिव्याखाली ४० अंशांच्या आसपास शेकत बसतो, तो डोक्यावर घेतला तर शेक घेतल्यासारखं होईल. गार खोलीतला साप पहिली काही मिनिटं बरा वाटेल, मग तुमचीच ऊब घेऊन मस्त सुस्तावेल. उपचार त्याचा होणार, तुमचा नाही. शिवाय बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, अंधारात गरम उंदीर शोधायला, आणि तुम्ही त्याच्यापुढे अंधाऱ्या खोलीत गरम डोकं ठेवणार! अजून एक, अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, हात लावला तरी साबणाने धुवायचे असतात. चेहऱ्यावर कुठे ठेवताय. आणि पालीचं म्हणाल तर सगळ्या चिकटत नाहीत, पाळतात तो लेपर्ड गेको भिंतीवर चढूच शकत नाही, कपाळावरून सरळ उशीवर.

जुनं_बाड: प्रश्न दोनचं उत्तर, हो! प्राचीन इजिप्तमध्ये. चेस्टर बीटी संग्रहातल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसमध्ये (लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितात) डोकेदुखीवर मगर बांधायला सांगितलीय. घाबरू नका, मातीची. तोंडात धान्य घातलेली, आणि देवांची नावं लिहिलेल्या तागाच्या कापडाने डोक्याला घट्ट आवळायची. ओली माती गार आणि वरून दाब, म्हणजे देव बाजूला ठेवले तरी थोडं बरं वाटलं असेल. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस तर पहिल्या शतकात जिवंत टॉर्पेडो मासा डोक्याला लावायचा, विजेचा झटका देणारा. मासा सरपटत नाही म्हणून तुमच्या यादीत बसत नाही, पण कपाळावर लावून विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र मायग्रेनसाठी अमेरिकेत २०१४ पासून मिळतंय, तेव्हा त्याला अगदीच वेड्यात काढू नका.

औषधी_डोकं: प्राणी डोक्यावर नको, त्यातला रेणू पोटात हवा. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या एका पदार्थावरून एक्सेनाटाइड बनलं, २००५ मध्ये टाइप २ मधुमेहासाठी मान्यता मिळाली. तेच औषध कवटीतला दाब वाढण्याच्या एका आजारात बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी वापरून पाहिलं, २०२३ मध्ये निकाल आले, दाब कमी झाला आणि डोकेदुखीचे दिवसही. म्हणजे सरडा डोकेदुखीवर चालला की! पण अभ्यास अगदी छोटा होता आणि तो आजार म्हणजे मायग्रेन नव्हे, इंजेक्शन मागायला जाऊ नका. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरून बीपीचं कॅप्टोप्रिल आलं, १९८१ ला मान्यता. त्याच कुळातलं लिसिनोप्रिल मायग्रेन टाळायला तपासलं गेलंय, थोडा उपयोग दिसला. ब्लॅक मांबाच्या विषात वेदना कमी करणारे रेणू २०१२ मध्ये सापडले, ते मात्र उंदरांवर. काय गंमत बघा, एरवी साप उंदरांना खातो, इथे त्यांचं दुखणं थांबवतोय.

मूळ धागाकर्ती: धन्य आहात सगळे. भाच्याला पहिलं उत्तर वाचून दाखवलं, तो म्हणतो "मग त्याला आधी गार खोलीत ठेवू". त्याला साबण दाखवलाय. मातीच्या मगरीला माझी ना नाही पण उशीचे अभ्रे कोण धुणार? प्रश्न तीन तसाच राहिलाय हां.

शीतरक्त: जेल पॅक घ्या, फ्रीजरमध्ये ठेवायचा, पातळ कापडात गुंडाळायचा, दहा-पंधरा मिनिटं लावायचा. आणि कपाळाचा नाद सोडून मानेला बांधून बघा, मफलरसारखा, म्हणजे घसरतही नाही. मानेच्या पुढच्या बाजूने मोठ्या रक्तवाहिन्या जातात, तिथे गार पट्टा बांधून २०१३ मध्ये एक चाचणी झाली होती, मायग्रेन सुरू होतानाच लावला तर दुखणं कमी झालं. भाच्याला सांगा, अजगर गळ्यात घालून फोटो काढायचा असेल तर तुमचं डोकं दुखत नसेल त्या दिवशी.