गिधाडांचा संहार: चूक की दुष्कृत्य?

प्रश्न
१९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. गिधाडे मरावीत अशी इच्छा मात्र कोणाचीच नव्हती. मग या संहाराला नैतिक अर्थाने दुष्कृत्य म्हणता येईल का?

प्रतिसाद १
माझ्या मते नाही. दुष्टपणाला हेतू लागतो, आणि लंगडणाऱ्या बैलाला इंजेक्शन देववणारा शेतकरी तर दयेनेच वागत होता. शिवाय येथे झालेले नुकसान अखेर माणसांचेच आहे: उघड्यावर सडणारी ढोरे, वाढलेली भटकी कुत्री, मुंबईतील पारशी समाजापुढे दखम्यांबाबत, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या मनोऱ्यांबाबत, उभी राहिलेली अडचण. ही शोकांतिका आहे, पाप नव्हे.

प्रतिसाद २
शेतकऱ्याबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे, परंतु कालक्रम पाहावा. पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून मृत्यूंचे कारण २००४ च्या आरंभी प्रसिद्ध झाले, २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्यायही उपलब्ध होता. तरीही माणसांसाठी बनवलेल्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी सर्रास विकल्या जात राहिल्या, इतक्या की २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करावा लागला. परिणाम ठाऊक असूनही त्या विकणाऱ्याच्या मनात गिधाडांविषयी वैर नव्हते, हे खरेच. पण दुधात भेसळ करणाऱ्यालाही कोणी मरावे असे वाटत नसते, म्हणून आपण त्याला निर्दोष मानत नाही.

प्रतिसाद ३
हेतूचा मुद्दा वरच्या प्रतिसादात आला आहे; मला ‘नुकसान माणसांचेच’ या विधानावर हरकत आहे. तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांनी १९७३ मध्ये एक कल्पित प्रसंग मांडला होता: पृथ्वीवर उरलेला शेवटचा माणूस मरण्यापूर्वी हाती लागेल तो प्रत्येक प्राणी आणि वनस्पती नष्ट करत सुटला, तर त्याने काही वाईट केले का? नुकसान सोसायला माणूस उरलेलाच नाही, तरी बहुतेकांचे मन ‘होय’ असेच म्हणते. (वाघाच्या जागी गिधाड घातले की हे उत्तर थोडे अडखळत येते, हा आपल्या सौंदर्यदृष्टीचा दोष, नीतीचा नव्हे.)

प्रतिसाद १
राउटलींचा शेवटचा माणूस जाणूनबुजून नाश करतो, म्हणून तो प्रसंग सोपा आहे. येथे दोष अनेकांत विभागलेला आहे.

प्रतिसाद २
विभागलेला आहे, नाहीसा झालेला नाही. ॲसिक्लोफेनॅक हे औषध गुरांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले होते; त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर देशव्यापी बंदी आली २०२३ मध्ये. मधल्या काळात ज्यांच्या हाती निर्णय होता आणि ज्यांच्या हाती विक्री होती, त्यांना मी बैलाला इंजेक्शन देववणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या पंक्तीत बसवणार नाही.