दुबईतील १६ वर्षांची बचत मुंबईत आणायची आहे : बँक कोणती निवडावी?

मुलुंडकर_परदेशी

सप्रेम नमस्कार. मी गेली १६ वर्षे दुबईत विद्युत अभियंता म्हणून नोकरी करीत असून येत्या डिसेंबरअखेरीस कुटुंबासह कायमचा मुलुंडला परतणार आहे. येथील बँकेत सुमारे साडेपाच लाख दिरहॅम शिल्लक आहेत आणि नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी व शिल्लक रजेचे पैसे धरले तर त्यात आणखी दीड लाखाची भर पडेल. मुलुंडमधील एका राष्ट्रीयीकृत बँकेत माझे जुने एनआरई खाते, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे रुपयांतील खाते, आहे, परंतु त्यातून आजवर केवळ घरखर्चापुरतेच पैसे फिरले.

एवढी रक्कम कोणत्या बँकेत आणावी, यावर घरात तीन मते आहेत. थोरले बंधू सहकारी बँकेचा आग्रह धरतात, कारण तेथे मुदत ठेवीवर अर्धा टक्का व्याज अधिक मिळते आणि वडिलांचे खातेही तेथेच होते. पत्नीचा कल मोठ्या खाजगी बँकेकडे आहे. दरम्यान एका खाजगी बँकेचा प्रतिनिधी दर दोन दिवसांनी फोन करून 'शून्य शुल्क आणि खास दर' देण्याचे आश्वासन देतो. मुलगी सध्या दहावीत आहे आणि बारावीनंतर तिला जर्मनीत शिकायला पाठवण्याचा विचार असल्यामुळे यातील काही रक्कम दोन-तीन वर्षांत पुन्हा बाहेर जाणार, हेही सांगून ठेवतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फोर्टमधला_निवृत्त

मी एका बँकेच्या फोर्ट येथील परकीय चलन विभागात २२ वर्षे काढली, त्या अनुभवावर लिहितो. तुमच्या प्रश्नाचा क्रम उलटा आहे, असे स्पष्ट म्हणतो, राग नसावा. बँकेचे नाव शेवटी ठरते. आधी हे ठरवावे लागते की कोणती रक्कम, कोणत्या चलनात, कोणत्या खात्यात आणि परतण्याच्या आधी की नंतर येणार आहे.

परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९ चा आहे आणि त्याची निवासीपणाची व्याख्या प्राप्तिकराहून वेगळी आहे. तुम्ही येथे कायमचे राहण्याच्या हेतूने विमानातून उतरलात की या कायद्यापुरते निवासी झालात. तेथे दिवस मोजत बसण्याचा प्रश्न येत नाही. त्यानंतर बँकेला कळवून एनआरई खाते साध्या निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते किंवा त्यातील रक्कम आरएफसी खात्यात, म्हणजे परतलेल्या भारतीयाला परकीय चलनातच पैसे ठेवता येतात अशा खात्यात, वळवावी लागते. एफसीएनआर ठेव मात्र डॉलर, युरो, पौंड अशा चलनात एक ते पाच वर्षांसाठी असते, ती ठेवतेवेळी तुम्ही अनिवासी असायला हवे आणि परतल्यावरही ती ठरलेल्या व्याजदराने मुदत संपेपर्यंत चालू राहते. मुदत संपली की ते पैसे आरएफसीमध्ये जाऊ शकतात.

आता हे तुमच्या पैशांना लावून पाहू. मुलीच्या शिक्षणाची रक्कम रुपयांत आणून तीन वर्षांनी पुन्हा युरोत बदलणे म्हणजे दोन वेळा दलाली देणे आहे. जर्मनीत विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बंदिस्त खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. तेवढ्यासाठी डिसेंबरपूर्वीच एफसीएनआर ठेव करावी आणि तीतील काही भाग युरोत ठेवण्याचाही विचार करावा. आरएफसीमधील पैसे परदेशात वापरण्यावर कोणतेही बंधन नसते, त्यामुळे पुढे निवासी नागरिकांना लागू असलेली वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा या पैशांना लागत नाही. ग्रॅच्युइटी परतल्यानंतर हाती आली तरी घाबरू नका, कारण परदेशी मालकाकडून मिळणारे निवृत्तीचे लाभ आरएफसीमध्ये घेता येतात. मुंबईत खर्च होणारे किंवा येथेच गुंतवले जाणारे पैसे तेवढे एनआरई खात्यात रुपयांत आणावेत.

आता बँकेबद्दल. तुमच्या बंधूंचा अर्धा टक्का आपण आकड्यांत मांडू. ५० लाखांच्या ठेवीवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला २५,००० रुपये. तुमचे सात लाख दिरहॅम म्हणजे साधारण एक लाख नव्वद हजार डॉलर होतात, कारण दिरहॅम डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रूपांतराच्या दरात डॉलरमागे ५० पैशांचा फरक पडला, तर एका दिवसात ९५,००० रुपये गेले. 'शून्य शुल्क' या शब्दांमागे हाच फरक दडलेला असतो. बँकेला पैसे मिळवायचे असतात. ती शुल्काच्या रकान्यात मिळवीत नसेल तर दराच्या रकान्यात मिळवते. रूपांतरावरील वस्तू व सेवा कर त्या मानाने किरकोळ आहे : एक कोटी रुपयांच्या रूपांतरावर तो २,६१० रुपये होतो आणि रक्कम कितीही मोठी असली तरी १०,८०० रुपयांवर थांबतो.

मस्कतहून_ठाण्यात

मी आणि माझे यजमान तीन वर्षांपूर्वी मस्कतहून परतलो. वरील उत्तर आम्हाला त्या वेळी मिळाले असते तर फार बरे झाले असते. आम्ही सवयीप्रमाणे तेथील एक्स्चेंज हाउसमधून पैसे पाठवत राहिलो, कारण महिन्याच्या खर्चासाठी ती सोय उत्तमच होती आणि दरही बँकेपेक्षा चांगला मिळत असे. मात्र ही रक्कम तेथेच रुपयांत बदलून येथे रुपयांतच जमा होते, हे आमच्या लक्षात राहिले नाही. शेवटची मोठी रक्कम पाठवल्यावर त्यातून डॉलरची ठेव करावी असे ठरवले, तेव्हा रुपयांचे पुन्हा डॉलर करावे लागतील आणि दोन्ही वेळचा फरक आमच्या माथी येईल, असे कळले. आम्ही तो विचार सोडून दिला. म्हणून परकीय चलनातच राहायला हवी अशी रक्कम बँकेतून बँकेत, स्विफ्टनेच, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेमार्फतच, पाठवावी. मधल्या बँकेचे शुल्क वाटेत कापले जाऊ नये म्हणून सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय अर्जात निवडावा.

दुसरा अनुभव शाखेचा. बँकेचे नाव घेत नाही, कारण दोष त्या एका शाखेचा असावा असे मला वाटते. ठाण्यातील आमच्या शाखेत आरएफसी खाते उघडायचे आहे असे सांगितल्यावर काउंटरवरील मुलाने अत्यंत नम्रपणे "मॅडम, एफडी म्हणायचंय का?" असे विचारले. अर्ज मुख्य कार्यालयात गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि सहा आठवड्यांनी खाते उघडले. तोवर यजमानांची अखेरची रक्कम मस्कतमध्येच पडून होती. तेव्हा बँक कोणती, यापेक्षा त्या बँकेची कोणती शाखा परकीय चलनाचे काम रोज करते, हे आधी विचारून घ्यावे. आमच्या एनआरई ठेवी मात्र सुखरूप होत्या आणि त्यांचे व्याज मुदत संपेपर्यंत करमुक्तच राहिले, हे एक समाधान.

जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे. वरील प्रतिसादातील शेवटच्या वाक्याबाबत नाइलाजाने लिहावे लागते. एनआरई ठेवीचे व्याज तुम्ही परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी असेपर्यंतच करमुक्त असते. परतल्याच्या दिवसापासून ते करपात्र होते, ठेवीची मुदत संपायची असो वा नसो. ताईंनी त्या वर्षांची विवरणपत्रे आपल्या सल्लागाराकडून एकदा पाहून घ्यावीत.

एफसीएनआरची गोष्ट वेगळी आहे. तिचे व्याज अनिवासी असताना करमुक्त असतेच, शिवाय प्राप्तिकराच्या दृष्टीने तुम्ही 'निवासी, परंतु सामान्य निवासी नव्हे' या वर्गात असेपर्यंतही करमुक्त राहते. मागील दहापैकी नऊ आर्थिक वर्षे तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागील सात वर्षांत तुमचा भारतातील मुक्काम ७२९ दिवसांहून अधिक नसेल, तर तुम्ही या वर्गात मोडता. मुलुंडकरांनी दरवर्षी महिनाभराच्या रजेवरच भारतात मुक्काम केला असेल, तर हे आर्थिक वर्ष अनिवासी म्हणून जाईल आणि पुढची दोन वर्षे या मधल्या वर्गात मिळतील. याचा व्यवहारी अर्थ असा की डिसेंबरमध्ये केलेली दोन वर्षांची एफसीएनआर ठेव त्या काळातच पिकते; तीन वर्षांची केली तर अखेरच्या काही महिन्यांच्या व्याजावर कर येतो. पासपोर्टवरील शिक्के समोर ठेवून दिवस मोजावेत, अंदाजाने नव्हे. सामान्य निवासी झाल्यावर दुबईतील खाते चालू असेल, तर ते विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवणे बंधनकारक आहे. शिल्लक किती हा प्रश्न दुय्यम आहे.

दादर_पश्चिम

सहकारी बँकेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. सरसकट नाक मुरडू नये. सारस्वत बँकेसारख्या काही मोठ्या नागरी सहकारी बँकांना परकीय चलन व्यवहाराचा परवाना आहे. बंधूंच्या बँकेकडे तो नसेल, तर हा विषय तेथेच संपला. असेल, तरीही ठेव विम्याची मर्यादा लक्षात ठेवावी : ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांचेच संरक्षण आहे. ही मर्यादा एका लाखावरून वाढली, त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब ॲण्ड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले होते आणि पहिल्या दिवशी खातेदारांना केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्या बँकेचे मुख्यालय मुलुंडच्या शेजारी भांडुपमध्येच होते. तुमच्या बंधूंना ते दिवस आठवत असतील. स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तीन बँकांना रिझर्व्ह बँकेने अर्थव्यवस्थेसाठी महत्त्वाच्या, म्हणजे सहजासहजी बुडू देता येणार नाहीत अशा, बँका म्हणून जाहीर केले आहे. याचा अर्थ त्यांची सेवा चांगली आहे असा मुळीच नाही, परंतु एवढ्या मोठ्या रकमेला हा फरक महत्त्वाचा आहे.

मुलुंडकर_परदेशी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल त्या प्रतिनिधीला विचारले की, आज एक लाख डॉलर बदलले तर दर किती मिळेल आणि बाजारदरापासून तो किती पैसे दूर असेल, हे मला ईमेलवर लिहून द्या. त्यावर त्यांनी "सर, रेट लाइव्ह असतो" असे उत्तर दिले आणि ईमेल अद्याप आलेला नाही. आणखी दोन शंका आहेत. येथील बँक नोकरी सुटल्यावर खाते गोठवते असे सहकारी सांगतात, त्यासाठी काय करावे? आणि दुबईतील खाते काही महिने चालू ठेवणे कायदेशीर आहे का?

फोर्टमधला_निवृत्त

दर दिवसभर बदलतो हे खरे आहे, पण बँकेचा फरक बदलत नाही. तो ठरवूनच दिलेला असतो आणि मोठ्या रकमेला कमी करून मिळतो. दोन बँकांकडून एकाच दिवशी, एकाच तासात दर मागवा आणि त्या वेळचा बाजारदर शेजारी लिहून ठेवा. जी बँक हा फरक लेखी देईल, दुबईत असतानाच एफसीएनआरचे कागद पूर्ण करून घेईल आणि परतल्यावर आरएफसी खाते मुलुंडच्या शाखेतून होईल की फोर्ट अथवा वांद्रे-कुर्ला संकुलात यावे लागेल हे न अडखळता सांगेल, ती तुमची बँक. तुमच्या जुन्या राष्ट्रीयीकृत बँकेलाही हेच प्रश्न विचारा. संथ शाखेमागे कधीकधी फार जाणते परकीय चलन केंद्र असते, हे मी स्वतः त्यात बसलो होतो म्हणून सांगत नाही, असे समजा.

खाते गोठवण्याबद्दल तुमचे सहकारी खरे सांगतात. अखेरचा पगार जमा होतो आहे असे कळले की तेथील बँका कर्ज आणि क्रेडिट कार्डाची बाकी फिटेपर्यंत रक्कम रोखून धरतात. म्हणून साडेपाच लाखांची रक्कम राजीनाम्याची प्रक्रिया सुरू होण्यापूर्वी हलवावी, कार्डे दोन महिने आधी बंद करून बाकी नसल्याचे पत्र घ्यावे, आणि मागे केवळ ग्रॅच्युइटीपुरते खाते उघडे ठेवावे. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार करार संपल्यापासून १४ दिवसांत मालकाने सर्व देणी द्यायची असतात, तेवढे दिवस तिकीट पुढे ढकलता आले तर ढकला. परतल्यानंतर ते खाते ठेवणे येथील कायद्याला मान्य आहे, कारण अनिवासी असताना कमावलेले परकीय चलन बाहेर ठेवण्याची मुभा आहे. अडचण तेथील बँकेची असते. रहिवासी व्हिसा रद्द झाल्यावर ती खात्याचा प्रकार बदलायला सांगते आणि किमान शिल्लक वाढवते. आरएफसी खात्याचा अर्ज मात्र परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात द्या, आणि आलेल्या प्रत्येक रकमेची परदेशी आवकेची पावती बँकेकडून मागून, मुलीच्या प्रवेशाच्या कागदांबरोबर एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.