वडिलांच्या रात्रभराच्या झोपतपासणीची तयारी कशी करावी?

प्रश्न :
माझ्या वडिलांचे वय ६१ आहे. त्यांचे घोरणे शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू येते, घोरता घोरता श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो आणि दुपारी वर्तमानपत्र हातात धरूनच त्यांना डुलकी लागते. रक्तदाबाची गोळी चालू असूनही दाब आटोक्यात येत नाही, म्हणून डॉक्टरांनी येत्या शुक्रवारी कोल्हापुरातच रात्रभराची स्लीप स्टडी करून घ्यायला सांगितले आहे. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर ‘रात्री ९ वाजता यावे’ एवढेच लिहिले आहे. बाबा रोज डोक्याला खोबरेल तेल चोपडतात, संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पितात आणि त्यानंतर चहाही घेतात. यातले काय बंद ठेवावे? शिवाय मिशी काढावी लागेल या धास्तीने ते तपासणीलाच नको म्हणू लागले आहेत.

उत्तर १ :
माझी ही तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली. झोपेची नोंद घेणाऱ्या तारा डोक्याला चिकटवतात, म्हणून तेलाबाबत मात्र हयगय करू नका. मी आदल्या दिवशी तेल लावून सकाळी नुसते पाणी ओतून घेतले होते. परिणामी तंत्रज्ञाने डोक्यावर पेन्सिलने खुणा केल्यावर खरखरीत मलम कापसावर घेऊन एकेक जागा इतकी घासली की कान लाल झाले, आणि तरीही पहाटे दोन तारा निसटल्याच. त्या दिवशी शाम्पूने न्हाऊन केस पूर्ण कोरडे करावेत. पुढे बटणे असलेला सैल सुती सदरा आणि पायजमा द्या, कारण तारा गळ्यापासून पायांपर्यंत जातात. घरची उशी न्यायला मी विसरलो आणि रात्रभर पस्तावलो.

उत्तर २ :
मी अशाच एका प्रयोगशाळेत रात्रपाळीला तंत्रज्ञ म्हणून काम करते. मिशीची चिंता सोडा. नाकाखाली श्वासाचा प्रवाह मोजणारी बारीक नळी येते, ती मिशीवरही बसते. अडचण हनुवटीची असते, कारण तिथल्या स्नायूंचा ताण मोजणारे इलेक्ट्रोड खुंटांवर चिकटत नाहीत, म्हणून त्या दिवशी दाढी घोटून यावे. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लागतो. त्या बोटाच्या नखाला रंग नसावा.

दुपारनंतर चहा नको आणि दुपारची झोपही नको. दूध प्यायला हरकत नाही, पण लवकर आणि बेताने प्यावे, कारण रात्री लघवीला उठताना आम्हाला येऊन तारांची जोडणी सोडावी लागते. जेवण हलके असावे आणि तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवावा. मद्य घेत असतील तर त्या दिवशी पूर्ण टाळावे आणि तपासणीसाठी म्हणून झोपेची गोळी परस्पर देऊ नये. रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर नेहमीच्या वेळी द्यावी, आणि चालू औषधांची यादी सोबत आणावी.

‘एवढ्या तारांत झोप कशी लागणार?’ असे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. पहिल्या रात्री झोप कमी आणि तुटक लागते, हे अहवाल वाचणाऱ्यांनाही ठाऊक असते. सकाळी लगेच निकाल मागू नका. नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांत तपासली जाते, म्हणजे ८ तासांचे ९६० तुकडे होतात. त्यातून किमान १० सेकंद श्वास थांबण्याचे किंवा मंदावण्याचे प्रसंग मोजून ताशी सरासरी काढतात. प्रौढांमध्ये ५ पेक्षा कमी सरासरी सामान्य आणि ३० किंवा त्याहून अधिक तीव्र समजतात.

उत्तर १, पुन्हा :
श्वासाचे प्रसंग बरेच दिसल्यास काही ठिकाणी त्याच रात्री मध्यावर उठवून सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, मुखवटा लावून पाहतात. माझ्या बाबतीत असे झाले, तेव्हा अर्धवट झोपेत मी तो ओढून काढला होता. बाबांना आधीच कल्पना द्या.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. मिशी शाबूत राहणार हे ऐकल्यावर बाबांनी स्वतःच उशीला नवा अभ्रा चढवला. शुक्रवारचा दुपारचा चहा बंद करण्यावर मात्र वाटाघाटी अजून सुरू आहेत.