मदत हवी आहे: कागदपत्रं शोधायचं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत विकायचं कसं?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात राहून आम्ही दोघं भाऊ पतसंस्था, बाजार समित्यांसाठी कागदपत्रं शोधायचं सॉफ्टवेअर बनवतो. पाया ल्युसीन या मोफत शोध-सॉफ्टवेअरचा, स्कॅनमधली अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट. मोठ्या संस्था 'आमच्याकडं शेअरपॉइंट (मायक्रोसॉफ्टचं कागदपत्रं ठेवायचं सॉफ्टवेअर) आहे' म्हणून वाटेला लावतात. पण त्यांचे जुने ठराव कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या धाटणीच्या फॉन्टांत. युनिकोड (अक्षरं साठवायची आजची प्रमाण पद्धत) नसल्यानं 'कापूस' टाकलं की काहीच सापडत नाही! आम्ही आधी फॉन्ट बदलतो, मग 'कापसाचा', 'कापसाला'सुद्धा शोधून देतो. डेमोत सगळे खूश, टेंडरमध्ये मात्र किमान उलाढालीची अट. (आमची उलाढाल सोयाबीनसारखी, पावसावर.)

मोठ्या विक्रेत्याच्या हाताखाली काम घ्यावं, की फॉन्ट बदलून द्यायचं कामच वेगळं विकावं? दर पानामागं लावावा का? स्टार्टअप नोंदणीवर उलाढालीच्या अटीतून सूट महाराष्ट्रात प्रत्यक्ष कोणाला मिळाली आहे का?