स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स: गणिते येतात, संकल्पना येत नाहीत, तर शिकवण्यात काय बदल करावा?

प्रश्न (स्थापत्य विभागातील अध्यापिका):
नमस्कार. मी एका संलग्न महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला हा विषय, म्हणजे भाराखाली वस्तू कशा वाकतात, ताणल्या जातात आणि टिकतात याचे शास्त्र, शिकवते. वर्गात साठ-सत्तर मुले असतात, अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते आणि प्रश्नपत्रिकाही बाहेरूनच येते. गेल्या सत्रात व्हिडिओ घरी पाहून यावेत आणि तासाला उदाहरणे सोडवावीत अशी योजना केली. परंतु बहुतेक मुले व्हिडिओ न पाहताच येत, त्यामुळे तोच भाग पुन्हा फळ्यावर समजावण्यात निम्मा तास जाई. मुले सूत्रात आकडे घालून बेंडिंग स्ट्रेस (वाकण्यामुळे आत दर क्षेत्रफळावर येणारे बल) अचूक काढतात, पण तुळईच्या कोणत्या बाजूला ताण (ओढ) येतो असे विचारले की गप्प होतात, याचे मला फार वाईट वाटते. अभ्यासक्रम मागे न पडू देता यावर काय करता येईल?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक):
मॅडम, हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनाही हेच आढळले होते आणि त्यातूनच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ ही पद्धत आणली. तासाच्या मध्ये आकडेमोड नसलेला एक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने न बोलता उत्तर नोंदवायचे आणि साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असतील तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटे चर्चा करून पुन्हा मत द्यायचे. मत नोंदवायची यंत्रे नसली तरी अडत नाही, चार रंगांची कार्डे पुरतात.

सारे यश प्रश्नाच्या निवडीवर असते. उदाहरणार्थ, इमारतीच्या, एकाच बाजूने भिंतीत धरलेल्या छज्ज्यात मुख्य सळ्या वर घालाव्यात की खाली? दोन्ही टोकांना नुसत्या टेकवलेल्या तुळईची (तिथे ताण खाली येतो) सवय असल्याने अनेक मुले ‘खाली’ म्हणतात. मग ‘छज्जा कुठे वाकतो, तडा कुठून सुरू होईल’ हे एकमेकांना पटवताना वरच्या बाजूचा ताण त्यांना आपोआप दिसू लागतो. दुसरा प्रश्न असा, की सारख्याच लांबीच्या आणि जाडीच्या पोलादी व ॲल्युमिनियमच्या सळ्यांवर सारखाच भार टांगला, तर स्ट्रेस कशात जास्त? दोन्हींत सारखाच, ॲल्युमिनियम मात्र सुमारे तिप्पट ताणले जाते. एका तासाला असा एकच प्रश्न ठेवावा, म्हणजे अभ्यासक्रम रखडत नाही.

उत्तर (संगणक विभागातील अध्यापक):
वर्ग मोठा असला तरी हे जमते. आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात, शेकडो मुलांच्या वर्गात, आधी एकट्याने विचार, मग जोडीने चर्चा आणि शेवटी सर्वांसमोर मांडणी ही पद्धत वापरून तिचा अभ्यासही झाला आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. ‘मॅडम शिकवतच नाहीत’ अशी तक्रार येण्याची शक्यता आहे. हार्वर्डमधल्याच २०१९ च्या एका अभ्यासात असे दिसले, की सक्रिय सहभागाच्या वर्गातली मुले चाचणीत अधिक शिकलेली ठरली, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. म्हणून पहिल्याच आठवड्यात पद्धतीमागचे कारण मुलांना मोकळेपणाने सांगावे. विभागप्रमुखांना पटवायचे असल्यास अशा सक्रिय पद्धतींवरील अभ्यासांचे २०१४ चे संकलन दाखवावे. त्यात विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातील २२५ अभ्यास एकत्र तपासले होते आणि निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट आढळली होती.

उत्तर (स्थापत्य, दुसरे महाविद्यालय):
गुण नसतील तर मुले पाठ फिरवतात, हेही खरे आहे. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आपल्या हातात नाही, परंतु अंतर्गत मूल्यमापन पुष्कळसे आहे. तिथे उत्तरामागचे कारण दोन ओळींत लिहायला लावावे आणि तोंडी परीक्षेतही आकृतीवरूनच विचारावे. व्हिडिओऐवजी पुस्तकाची दोनच पाने वाचायला द्यावीत, असेही सुचवतो.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. छज्ज्याचा प्रश्न बेंडिंगच्या पहिल्याच तासाला घेते. शिअर फोर्सच्या (तुळईला आडवे कापू पाहणाऱ्या बलाच्या) आकृत्यांसाठी असे, आकडेमोड न लागणारे प्रश्न कुणी तयार केले असतील तर कृपया इथे द्यावेत; टॉर्शनचे (पिळाचे) मी स्वतः तयार करून देते.