मान मोडून घेण्याआधी
मसाज म्हणजे तात्पुरता आराम आणि त्याने मूड सुधारणं हा मनाचा खेळ, असं मत अनेकदा ऐकू येतं; मला ते पूर्ण पटलं नाही. डोक्याला फडकं आवळून बांधल्यासारखं दोन्ही बाजूंनी दुखतं, त्या ताणाच्या डोकेदुखीत कवटीच्या मागच्या कडेखालचे छोटे स्नायू बरेचदा दाबले की कळवळायला लावतात. त्यातल्या एकाचा मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणाशी तंतूंनी थेट संबंध असल्याचं १९९५ साली शवविच्छेदनाच्या अभ्यासात मांडलं गेलं. फिजिओथेरपिस्ट उताणं झोपवून तिथे नुसती बोटांची टोकं टेकवतात आणि डोक्याचा भार त्यांवर सोडायला सांगतात. रगडणं नाही, तेल नाही. (मला आधी वाटलं, एवढ्याचे पैसे?) पण थोड्या वेळात माझे खांदे आपोआप खाली आले, रात्री शांत झोप लागली. चिडचिड कमी झाली ती बहुधा झोपेमुळेच.

मात्र सलूनमध्ये दाढीनंतर ‘कट्’कन मान मोडून घेऊ नका. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. आणि महिन्यातले १०-१५ दिवस डोकेदुखीची गोळी लागत असेल तर आधी डॉक्टर गाठा; गोळ्यांच्या अतिवापरानेही डोकं दुखतं.